लिमिट काढलेली सायकल

"मामा, लिमिट काढून आणलीय. आता चाळीसला जाते." भाच्यानं ई-सायकल अंगणात उभी केली आणि मला धस्स झालं. साताऱ्यात चढाला तोटा नाही, त्यामुळे या सायकलींचं मला कौतुकच आहे. पण ही लिमिट, म्हणजे मोटरला ताशी २५ किलोमीटरला अडवणारी सोय, कशासाठी असते ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोंच्या आत असेल, तर ती सायकलच. तिला लायसन्स, नंबरप्लेट, विमा काही लागत नाही. लिमिट काढली की ती कायद्यानं मोटार वाहन होते, तीही विनानोंदणीची. युरोपातही हेच दोन आकडे आहेत, २५० आणि २५.

हे २५० वॅट म्हणजे मोटर सलग ३० मिनिटं देऊ शकेल ती ताकद. क्षणभर ती जास्त देते. बॅटरी ३६ व्होल्टची आणि कंट्रोलर, म्हणजे मोटरला करंट सोडणारी डबी, १५ अँपिअर सोडणारा असेल, तर बॅटरीतून ५४० वॅट निघतात. पण करंट दुप्पट झाला की तारेच्या वेटोळ्यांत उष्णता चौपट होते, म्हणून हा जोर फार वेळ टिकत नाही. घाटाला तो लागतही नाही. माणूस आणि सायकल मिळून १०० किलो धरा, रस्ता शंभर मीटरला ६ मीटर चढणारा. ताशी १५ नं जायला सुमारे ३०० वॅट पुरतात. मोटरचे अडीचशे, उरलेले पायांचे. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढायला एवढं बास आहे.

सपाटीवर वेगळाच प्रकार. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताठ बसून चालवणाऱ्याला २५ च्या वेगाला साधारण १६५ वॅट लागतात, ४० ला पाचशेच्या वर. म्हणजे मोटर सतत तापत राहणार.

त्याहून मोठी काळजी थांबण्याची. समोर कुत्रं आडवं आलं. ते दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर २५ च्या वेगात तेवढ्यात ७ मीटर जातात आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ६. एकूण १३. चाळीसच्या वेगात हेच अंतर २६ मीटरच्या पुढे जातं, दुपटीहून जास्त. पावसात, बारीक खडीवर ब्रेकची पकड निम्मी झाली, तर ४२ मीटर. सायकलचे अरुंद टायर आणि रबराचे ब्रेक यासाठी बनवलेलेच नसतात. सायकलची हेल्मेटंसुद्धा युरोपच्या मानकात ताशी २० च्या आसपासच्या आदळण्यालाच तपासतात.

आणि लोकांची नजर. पोवई नाक्यावर रस्ता ओलांडणारी बाई सायकल लांब बघते, 'येईल हळूहळू' म्हणून पाऊल टाकते. तिचा अंदाज आयुष्यभर पाहिलेल्या सायकलींवर बसलेला असतो. चाळीसनं येणारी सायकल तो अंदाज चुकवते, आणि तिला हॉर्नचा, इंजिनाचा आवाजही नसतो. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात धोक्याची वाटते.

एक मात्र ध्यानात ठेवावं. २५ ची मर्यादा फक्त मोटरला आहे, उताराला नाही. घाट उतरताना मोटर बंद असली तरी सायकल सहज चाळीस गाठते. तिथं सगळा भार ब्रेकवर. दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत, वेग चढायच्या आधीच धरायचा.

हे सगळं सांगून झाल्यावर आम्ही मागचं चाक उचललं. भाच्यानं थ्रॉटल पिळला, चाक गरगरलं. मी ब्रेकचा दांडा हलकेच ओढला. त्यात एक छोटा स्विच असतो, ब्रेक लागायच्या आत तो मोटरचा करंट तोडतो. इथं मोटर घुमतच राहिली. लिमिटची वायर काढताना त्या स्विचचीही वायर सुटली होती, कंट्रोलरच्या डबीत नुसती लोंबत होती. भाचा काही बोलला नाही, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. आधी ती जोडली, मग लिमिटची.