खोली बंद ठेवल्यानं कपडे लवकर वाळत नाहीत

विजेवर तापणारा कपड्यांचा स्टँड लावला की दारं-खिडक्या गच्च बंद ठेवा, ऊब टिकते, असं सर्रास सांगितलं जातं. हे चूक आहे. मशीनमध्ये पिळून काढलेल्या ५ किलो कपड्यांतही अडीच-तीन लिटर पाणी उरतं. ते सगळं खोलीच्या हवेतच जातं. हवा दमट झाली की वाळणं मंदावतं आणि ओल गार भिंतीवर, कपाटामागे बसते. बुरशी तिथूनच सुरू होते.

खिडकी चार बोटं उघडी ठेवा, पंखा एकवर लावा. दांडीवर एकच थर घाला. कापड टेकतं तिथंच तापतं, म्हणून जीन्स उलटी करून दोन दांड्यांवर पसरा आणि दोन तासांनी फिरवा. नाहीतर कंबर नि खिसे ओलेच राहतात.

२३० वॅटचा स्टँड ८ तासांत १.८४ युनिट वीज घेतो. कोल्हापूरच्या कोरड्या थंडीत हा खर्च कशाला? गच्चीवरची दोरी पुरते. स्टँड खरा लागतो जुलैच्या झडीत. तेव्हा बाहेरची हवा ओली असते हे खरं, पण कपड्यांची वाफ कोंडलेली बंद खोली त्याहून ओली होते. खिडकी तेव्हाही उघडीच हवी.