मझल ब्रेक मागवायच्या आधी बॅरल मोजा

नोव्हेंबरात हरणांचा सीझन सुरू व्हायच्या तोंडावर टेक्ससभरातल्या आपल्या मराठी मंडळींचे फोन येतात, "ब्रेक ऑनलाइन मागवलाय, शनिवारी येतो, बसवून द्या." (मझल ब्रेक म्हणजे रायफलच्या तोंडाला आट्यांवर बसवायचा, धक्का कमी करणारा तुकडा.) आणि दहातले निम्मे ब्रेक त्या रायफलवर बसतच नाहीत.

होतं काय, .३० कॅलिबरचे बहुतेक ब्रेक ५/८-२४ थ्रेडचे (५/८ इंच व्यास, इंचाला २४ आट्या) असतात म्हणून लोक डोळे झाकून तोच घेतात. पण ५/८ म्हणजे .६२५ इंच, आणि तुमच्या हलक्या, डोंगरात न्यायच्या रायफलची बॅरल तोंडाशी जेमतेम .६०० असते, मग .६००च्या नळीवर .६२५ची आटी पाडायची कशी? तिथे ९/१६-२४ पाडावी लागते, तीही चालते पण ब्रेक टेकायला खांदा, म्हणजे आट्यांमागची सपाट कडा, अगदी बारीक उरतो. म्हणून आधी कॅलिपर लावा, नसेल तर रायफल दाखवायला आणा, मोजायचे पैसे घेत नाही.

दुसरं म्हणजे "एवढे दिवस कशाला लागतात" हा प्रश्न. बॅरलचं भोक बाहेरच्या गोलाईच्या बरोबर मधोमध असेलच असं नाही, त्यामुळे आम्ही लेथवर भोकावरून सेंटर काढतो, बाहेरून नाही. ब्रेकचं भोक गोळीपेक्षा साधारण .०२० इंचच मोठं असतं, म्हणजे दोन्ही बाजूंना केसाएवढी जागा. गेल्या वर्षी एक .३०० विन मॅग (जोरदार काडतुसाची रायफल) आली, थ्रेड दुसरीकडे घाईत पाडलेले, ब्रेकच्या शेवटच्या भोकाच्या कडेला एका बाजूने तांब्याचा लालसर ओरखडा होता. गोळी घासत होती, आणि मालक बिचारे स्कोपला दोष देत होते!

घरी आवळायचा असेल तर रिसीव्हर शिकंज्यात धरून पाना मारू नका, बॅरलचा जोड जागचा हलू शकतो, बॅरल तोंडाजवळच धरा. ब्रेकची गॅस सोडणारी भोकं आडवी, डाव्या-उजव्या हाताला यायला हवीत. त्यासाठी क्रश वॉशर (आवळताना दबणारी चकती) आम्ही वापरत नाही, तो सारखा दबत नाही, शिम (पातळ चकत्या) लावतो किंवा लॉक नटवाला ब्रेक देतो. बसवल्यावर झिरो, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी एका जागी लागणं, परत तपासायचाच, गोळी आधीच्या जागी लागेल असं धरून चालू नका.

आणि खरं सांगू का, .२४३ किंवा ६.५ क्रीडमूर अशा कमी धक्क्याच्या रायफलला ब्रेक नकोच, दस्त्याला लावायचा चांगला रिकॉइल पॅड (धक्का शोषणारी गादी) पुरतो, तो आमच्याकडे आहे. ब्रेक गॅस बाजूला ढकलून काम करतो, म्हणून जास्त दारूच्या .३०० किंवा .३३८ विन मॅगला खांद्याला फरक लगेच कळतो. पण तोच गॅस आवाज तुमच्या आणि शेजारच्याच्या कानावर फेकतो, त्यामुळे कानात प्लग आणि वरून कान झाकणारे मफ दोन्ही घाला, शिकारीतसुद्धा. शिकारीला नेणारे बरेच गाईड ब्रेकवाली रायफल बघून नाक मुरडतात, त्यांना आधी विचारा. तिथे काढून ठेवायचा असेल तर आम्ही थ्रेड झाकायची टोपी सोबत देतो, मात्र ब्रेक काढल्यावर पुन्हा झिरो.

येताना रायफल रिकामी, बोल्ट काढून वेगळा, गोळ्या घरी. फोनवर फक्त कॅलिबर आणि तोंडाचा व्यास सांगा, त्याला बसणारे ब्रेक आमच्याकडे काढून ठेवलेले असतील.