मेक खेळ

माणसाने आत बसून चालवायच्या महाकाय युद्धयंत्रांच्या लढाईवर बेतलेला संगणकीय खेळांचा प्रकार. ‘मेका’ हे मुळात जपानी भाषेने ‘मेकॅनिकल’ या शब्दाचे केलेले आखूड रूप. जपानीत ते कोणत्याही यंत्राला चालते. बाहेर मात्र ते हातपाय असलेल्या राक्षसी यंत्रापुरते उरले आणि ‘मेक’ झाले. यंत्रमानव आणि मेक यांत एक फरक लक्षात ठेवावा लागतो. यंत्रमानवाला स्वतःची थोडीफार अक्कल असते, मेकला अजिबात नसते. आत चालक बसला नाही तर तो लोखंडाचा ढीग. या प्रकारातले चांगले खेळ त्या चालकाच्या अडचणींतूनच रंगतात.

अडचणी मुख्यतः दोन : वजन आणि उष्णता.

मेक चालवणे हे पायी पळण्यापेक्षा रणगाडा हाकण्याच्या जास्त जवळचे आहे. पायांची दिशा वेगळी, धडाची वेगळी. वेग थ्रॉटलवर, म्हणजे वेगाच्या दांड्यावर, ठरतो. एकदा पुढे ढकलला की बटणावरचे बोट काढले तरी यंत्र चालतच राहते. नवख्याची पहिली फजिती ठरलेली असते. उजवीकडे दिसलेल्या शत्रूवर नेम धरायला तो धड पार आडवे वळवतो, नजर निशाणावर खिळवतो, आणि पाय मात्र आधीच्याच दिशेने चालत जाऊन मेक एखाद्या कड्याला धडकतो. समोर तर मोकळे मैदान दिसते आहे, मग यंत्र अडले कुठे, हे कळायला त्याला काही क्षण लागतात आणि तेवढ्यात शत्रूचा नेम साधतो. मुरलेला चालक हीच गोष्ट उलटी वापरतो : आपला बार झाला की धड फिरवून चेपलेली बाजू आड करायची आणि शाबूत खांदा पुढे करून पुढचा मार त्यावर झेलायचा.

उष्णतेचे गणित ‘बॅटलटेक’ या पटावरच्या खेळातून आले. शिकागोच्या ‘फासा’ या कंपनीने तो १९८४ मध्ये काढला. पहिले नाव ‘बॅटलड्रॉइड्स’ होते, पण ‘ड्रॉइड’ या शब्दावर ‘स्टार वॉर्स’वाल्या लुकासफिल्मने हक्क सांगितल्यावर ते बदलावे लागले. षटकोनी घरांचा पट, फासे आणि कागदावर काढलेला मेकचा आराखडा एवढ्यावर तो चालतो. एक डाव म्हणजे लढाईतले दहा सेकंद, एक घर म्हणजे तीस मीटर. शस्त्र चालवले की उष्णता वाढते, आणि ती बाहेर टाकायला ‘हीट सिंक’ लागतात. साधा एक हीट सिंक एक टनाचा आणि डावाला एक अंक उष्णता काढणारा. ‘पीपीसी’ ही कणांचा झोत फेकणारी तोफ सात टनांची. ती दहा अंकांचे नुकसान करते आणि दहाच अंक उष्णता देते. आता दोन पीपीसी आणि बारा हीट सिंक असलेला मेक धरू. दोन्ही तोफा डागल्या की वीस, पळण्याचे दोन, वजा बारा : डावाअखेर दहा शिल्लक. पुढच्या डावाला वीस, त्यापुढच्याला तीस. चौदाला यंत्र बंद पडू नये म्हणून फासे टाकायची वेळ येते, एकोणीसला आतला दारूगोळा फुटण्याची भीती सुरू होते आणि तीसला मेकला चालवणारी अणुभट्टी आपोआप बंद होते. सलग तीन वेळा हात सैल सोडला की शत्रूने काहीही न करता तुम्ही मैदानात पुतळ्यासारखे उभे.

संगणकावर हेच गणित डावांऐवजी अखंड वाहत्या वेळात आले. कॉकपिटच्या एका कोपऱ्यात तापमानाची पट्टी चढत जाते, धोक्याचा भोंगा वाजतो, आणि बंद पडणे थोपवून धरायचे एक बटण हाताशी असते. ते दाबायचे की नाही? समोरच्याच्या छातीवरचे चिलखत उडालेले आहे, आणखी एक बार पुरेल, पण त्या बाराने आपलाच दारूगोळा फुटू शकतो. या प्रकारातला सर्वांत थरारक क्षण कोणता असे विचारले तर तो हाच, आणि त्यात शत्रू निमित्तमात्र असतो. पाण्यात उतरले की उष्णता लवकर ओसरते, ही सोय काही खेळांत आहे. म्हणून अशा नकाशात तळ्याकाठी गर्दी होते.

लढाईइतकाच वेळ कारखान्यात जातो. खेळाडू त्याला ‘मेकलॅब’ म्हणतात. मेकचे वजन वीस ते शंभर टन आणि त्याच्या आत सगळे बसवायचे : सांगाडा, इंजिन, चिलखत, शस्त्रे, दारूगोळा, हीट सिंक. पटाच्या नियमांत एक टन चिलखताचे सोळा अंक मिळतात. मध्यम लेझर एका टनात बसतो, तर मूळ नियमांतली सर्वांत जड तोफ चौदा टन खाते आणि तिचा टनभर दारूगोळा पाच बारांत संपतो. वेग हवा तर इंजिन मोठे हवे, आणि इंजिनाचे वजन वेगाच्या मानाने कितीतरी झपाट्याने वाढते. अर्धा टन कुठून काढायचा या चिंतेत तास जातो. मग पाठीचे चिलखत खरवडले जाते, आणि नेमका पाठीतच मार बसतो.

संगणकावरचा पहिला बॅटलटेक खेळ वेस्टवुड असोसिएट्सने १९८८ मध्ये केला. तो कॉकपिटातला नव्हता, भूमिका वठवण्याच्या धाटणीचा होता. चालकाच्या खुर्चीत बसवले ते डायनॅमिक्सच्या ‘मेकवॉरिअर’ने, १९८९ मध्ये. चित्रे म्हणजे रंग भरलेले सपाट बहुकोन. पण भाडोत्री सैनिकाचे जिणे, करारातली घासाघीस, दुरुस्तीचा खर्च हे सगळे त्यात होते. पुढे याच डायनॅमिक्सने बॅटलटेकचे बोट सोडून स्वतःचे विश्व उभारले. ‘अर्थसीज’ १९९४ मध्ये आला, दुसरा भाग १९९६ मध्ये, ‘स्टारसीज’ १९९९ मध्ये. गंमत अशी की त्या विश्वातला सर्वांत गाजलेला खेळ ‘स्टारसीज : ट्राइब्ज’ निघाला, आणि त्यात चालवायला मेकच नव्हते, होते ते पाठीवर जेट बांधून उडणारे चिलखती सैनिक.

१९९५ हे वर्ष मात्र ‘मेकवॉरिअर २’चे. ॲक्टिव्हिजनने आधी डॉस या जुन्या प्रणालीसाठी आणि नंतर विंडोज ९५साठी काढलेला हा खेळ वुल्फ आणि जेड फाल्कन या दोन टोळ्यांच्या युद्धावर आहे. यंत्र जागे होताना एक शांत बाईचा आवाज अणुभट्टी, संवेदक, शस्त्रे सुरू झाल्याची वर्दी देतो. तो आवाज ऐकलेली पिढी आजही ती वाक्ये पाठ म्हणून दाखवते. त्रिमित चित्रांची कार्डे तेव्हा नुकतीच बाजारात येत होती आणि प्रत्येक कंपनीला आपल्या कार्डाची ताकद दाखवायला काहीतरी हवे होते. त्यामुळे या खेळाच्या वेगवेगळ्या कार्डांसाठी वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्या आणि त्या कार्डांच्या खोक्यांतून घरोघर पोहोचल्या. अनेकांनी हा खेळ विकत घेतलाच नाही, तो कार्डाबरोबर आला. ‘घोस्ट बेअर्स लेगसी’ हा जोडभाग त्याच वर्षी निघाला, ‘मर्सिनरीज’ १९९६ मध्ये. मालिकेतला सर्वांत खोल खेळ म्हणून या ‘मर्सिनरीज’चे नाव घ्यावे लागेल.

याच मालिकेतल्या एका मेकच्या दोन नावांची कथा सांगण्याजोगी आहे. खेळाच्या कथेत टोळ्यांचा पंचाहत्तर टनी ‘टिंबर वुल्फ’ शत्रूने पहिल्यांदा पाहिला तेव्हा शत्रूच्या संगणकाला तो ओळखता येईना. कधी ‘मरॉडर’, कधी ‘कॅटापल्ट’ अशी ओळख तो दाखवू लागला. दोन्हींच्या सांकेतिक अक्षरांतून ‘मॅड कॅट’ हे नाव पडले ते कायमचे. त्यातला मरॉडर पुढे कोर्टकज्ज्यात सापडला. सुरुवातीच्या काही मेकची रूपे जपानी ॲनिमेशनमधून घेतलेली होती, त्यांवर हार्मनी गोल्ड या कंपनीने हक्क सांगितला आणि १९९६ मधल्या तडजोडीनंतर फासाने ती चित्रे छापणे थांबवले. चाहते त्या मेकना ‘अनसीन’, म्हणजे न दिसणारे, म्हणू लागले.

बॅटलटेकचा परवाना हातचा गेल्यावर ॲक्टिव्हिजनने दुसऱ्या एका पटावरच्या खेळाचा आधार घेऊन १९९७ मध्ये ‘हेवी गिअर’ काढला. मोनोलिथचा ‘शोगो’ १९९८ मध्ये आला. त्यात अर्धा वेळ मेकमध्ये आणि अर्धा पायी लढायचे. ‘मेकवॉरिअर ३’ झिपर इंटरॲक्टिव्हने १९९९ मध्ये केला. दरम्यान फासाची संगणकीय शाखा मायक्रोसॉफ्टने घेतली होती. २००० मधला ‘मेकवॉरिअर ४ : व्हेंजन्स’ त्या घरातला. चौथ्या भागाने मेकलॅबमध्ये मोठा बदल केला. आधी कुठेही कोणतेही शस्त्र बसवता येई, आता प्रत्येक अवयवाला ठरावीक जातीच्या शस्त्रांच्या जागा आल्या. जुन्या खेळाडूंना हा हात बांधण्याचा प्रकार वाटला. खरे तर त्यामुळेच एक मेक दुसऱ्यापेक्षा वेगळा वाटू लागला. त्याआधी सगळे मेक म्हणजे निरनिराळ्या मुखवट्यांची तीच पेटी होती.

२००२ मधल्या ‘मेकवॉरिअर ४ : मर्सिनरीज’नंतर मालिका थंडावली. त्या दशकात चाहत्यांनीच आग जागती ठेवली. ‘क्रायसिस’ या खेळाच्या पायावर त्यांनी ‘लिव्हिंग लेजंड्स’ उभारला, आणि मेकटेक या गटाने २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संमतीने चौथ्या भागाचा ‘मर्सिनरीज’ मोफत वाटला.

पुनरागमन २०१३ मध्ये पिरान्हा गेम्सच्या ‘मेकवॉरिअर ऑनलाइन’ने झाले. पटावर मार कुठे बसला हे फासे ठरवत, त्यामुळे तो अंगभर विखुरला जाई. माउसने नेम धरणारा माणूस सगळे बार एकाच जागी घालतो, आणि पटाच्या हिशेबाचे चिलखत पाहता पाहता उडते. म्हणून या खेळात चिलखताचे अंक दुप्पट करावे लागले. याच पिरान्हाने २०१९ मध्ये एकट्याने खेळायचा ‘मेकवॉरिअर ५ : मर्सिनरीज’ काढला आणि २०२४ मध्ये ‘क्लॅन्स’, म्हणजे टोळ्या. पहिल्यात चार मेकची तुकडी असते, दुसऱ्यात टोळ्यांच्या रीतीप्रमाणे पाचांची.

मेक खेळांची दुसरी परंपरा जपानी आहे आणि तिचा स्वभाव अगदी उलटा. तिथे मेक घसरतो, उडतो, हवेत वळतो. फ्रॉमसॉफ्टवेअरचा ‘आर्मर्ड कोर’ १९९७ पासून प्लेस्टेशनवर होता. संगणकावर ही मालिका पोहोचली ती थेट सहाव्या भागाने, ऑगस्ट २०२३ मध्ये. इथे उष्णतेची जागा ऊर्जेच्या पट्टीने घेतली आहे. जेट वापरावे तशी ती उतरते, आणि संपली की नेमक्या नको त्या वेळी मेक जमिनीवर येतो. सतत मार बसल्यावर मेक काही क्षण लटपटतो आणि त्या क्षणांत बसलेला मार सर्वांत जास्त लागतो, म्हणून लढाई त्या क्षणाभोवती फिरते. वजनाची कटकट मात्र सुटलेली नाही, ती कारखान्यात राहिली आहे : पायांना पेलेल त्याहून जास्त लादले तर मोहिमेवर निघताच येत नाही. दारूगोळा आणि दुरुस्तीचा खर्च मिळकतीतून कापला जातो. पण विकत घेतलेला सुटा भाग घेतल्या किमतीलाच विकता येतो, त्यामुळे नवे जुळवून पाहायला कोणी कचरत नाही. नवख्याने सुरुवात कुठून करावी असा प्रश्न आला तर आज या खेळाचे नाव सांगणे सोपे पडते. त्यावरून मेक म्हणजे चपळ प्राणी असा समज घेऊन कोणी मेकवॉरिअरकडे वळला, तर पहिला तास त्याला जड जाईल.

‘टायटनफॉल २’ (२०१६) या दोन्ही परंपरांच्या मध्ये उभा आहे. पायी पळणारा चालक आकाशातून आपला मेक मागवतो, आत चढतो आणि गरज पडल्यास उडी मारून बाहेरही येतो. त्यामुळे मेकचा आकार खालून वर बघताना कळतो, जो कॉकपिटात बसून कधीच नीट कळत नाही.

डावांवर चालणारे खेळ हा वेगळा फाटा. बॅटलटेकच्या मूळ निर्मात्यांपैकी जॉर्डन वाइझमन यांच्या हेअरब्रेन्ड स्कीम्सने लोकवर्गणीतून सुमारे २८ लाख डॉलर जमवले आणि २०१८ मध्ये ‘बॅटलटेक’ नावाचाच खेळ काढला. त्यात शत्रू कसा पाडला यावर भंगारात काय हाती लागेल हे ठरते. छाती फोडली तर त्या मेकचा एकच हिस्सा उरतो, दोन्ही पाय तोडले तर दोन, आणि चालकच मेला तर तीन. नेहमीच्या मांडणीत तीन हिश्शांत पूर्ण मेक जुळतो. त्यामुळे सुस्थितीतला शत्रू दिसला की खेळाडू लढाई लांबवून डोक्यावर नेम धरत बसतो, आणि या हावेपायी आपलाच एखादा मेक गमावतो. त्याच वर्षीचा ‘इंटू द ब्रीच’ याच्या अगदी विरुद्ध टोकाला : आठ गुणिले आठ घरांचा इवलासा पट, तीन मेक, आणि शत्रू पुढच्या डावात काय करणार ते आधीच उघड.

जुने खेळ आज चालवायचे तर थोडी खटपट आहे. अर्थसीज आणि स्टारसीज हाय-रेझ स्टुडिओजने २०१५ मध्ये मोफत खुले केले. जुने मेकवॉरिअर मात्र हक्कांच्या गुंत्यात अडकून राहिले, म्हणून ते बहुधा जुन्या तबकड्यांवरूनच चालवले जातात. डॉससाठीचे खेळ डॉसबॉक्समध्ये, म्हणजे नव्या संगणकावर जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालतात. पण त्या काळच्या खेळांत वेळेचे माप पुष्कळदा प्रोसेसरच्या गतीवर बेतलेले असे, त्यामुळे डॉसबॉक्सची गती कमीजास्त करून जुळवावी लागते. तरीही निव्वळ इंटरनेटवर जगणाऱ्या खेळांपेक्षा त्यांचे नशीब बरे. २०१२ मध्ये धूमधडाक्यात आलेला ‘हॉकेन’ संगणकावर २०१८ च्या जानेवारीत बंद झाला. ‘गुंडाम इव्होल्यूशन’ला २०२२ ते २०२३ इतकेच आयुष्य मिळाले. सर्व्हर बंद झाले की अशा खेळांची घरातली प्रत काही कामाची राहत नाही.

‘मेकवॉरिअर २’ची तबकडी उतरवून घेताना एक चूक हमखास होते. त्याचे संगीत फायलींमध्ये नाही, गाण्यांच्या सीडीसारखे स्वतंत्र ट्रॅक म्हणून तबकडीवर आहे. नुसत्या फायली उतरवल्या तर खेळ सुरू होतो, मेक चालतात, तोफा वाजतात, पण पार्श्वभूमी मुकी राहते. त्यासाठी ट्रॅकांसकट तबकडीची अख्खी प्रतिमा घ्यावी लागते. हीच तबकडी साध्या सीडी प्लेअरमध्ये घातली तर पहिला ट्रॅक माहितीचा असल्याने तो सोडून द्यायचा. दुसऱ्यापासून संगीत सुरू होते.