रौमा लोहमार्ग
रौमा लोहमार्ग : नॉर्वेच्या डोंगराळ भागातील डोम्बोस जंक्शनपासून रॉम्सडाल फ्योर्डकाठच्या (फ्योर्ड म्हणजे डोंगरांत आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी) ओन्दल्सनेस बंदरापर्यंत जाणारा ११४ किमी. लांबीचा लोहमार्ग. काम १९१२ मध्ये सुरू झाले, पूर्ण मार्ग १९२४ मध्ये खुला झाला. नेहमीच्या गाड्या वर्षभर असतात. पर्यटकांची खास गाडी मात्र फक्त उन्हाळ्यात, ओन्दल्सनेस ते ब्योर्ली या सर्वांत देखण्या टप्प्यावर धावते. क्रूझ जहाजांतून बंदरात उतरलेले अनेक प्रवासी तिच्यात बसतात.

डोम्बोस समुद्रसपाटीपासून ६५९ मी. उंच, ओन्दल्सनेस जेमतेम ४ मी. तरी सुरुवातीला उतार जाणवत नाही. वाटेतल्या लेस्यास्कुग्सवात्ने तलावाचे पाणी दोन्ही टोकांनी बाहेर पडते : एकीकडून गुडब्रान्सडाल खोऱ्यात, दुसरीकडून रौमा नदी होऊन फ्योर्डकडे. तिथून रूळ नदीची सोबत धरतात. ब्योर्लीनंतर नदी धबधब्यांनी खाली झेपावते. गाडीला तसे उतरता येत नाही. म्हणून अभियंत्यांनी रूळ डोंगराच्या पोटातच वळवले. १,३९६ मी. लांबीच्या स्तावेम बोगद्यात गाडी वळून आल्या दिशेला तोंड करते आणि पुढे श्यूलिंग बोगद्यात पुन्हा फिरते. उंची उतरण्यासाठी आपल्या बोरघाटात १९२९ पर्यंत रिव्हर्सिंग स्टेशन होते. तिथे थांबून गाडीची दिशा उलटी करावी लागे. इथे गाडी न थांबता वळते. काळोखातून बाहेर आल्यावर दरी दुसऱ्या खिडकीत दिसते, तेव्हा कुठे ते ध्यानात येते.

या प्रवासाचे खरे वैभव म्हणजे श्यूलिंग पूल. घडीव दगडांचा, ७६ मी. लांब आणि नदीपासून ५९ मी. उंच. इथे गाडीचा वेग मुद्दाम कमी करतात, त्यामुळे खालच्या अरुंद घळीतले फेसाळ पाणी नीट पाहता येते. पुढे दरी रुंदावते आणि ट्रोलवेगेन समोर येतो : सुमारे १,००० मी. सरळ तुटलेला, युरोपातील सर्वांत उंच उभा कडा. त्याचा माथा पाहायला खिडकीशी वाकूनच बसावे लागते.

एप्रिल १९४० मध्ये जर्मन आक्रमणानंतर नॉर्वेच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे ५० टन सोने याच रुळांवरून ओन्दल्सनेसला आणले गेले. त्यातले काही ब्रिटिश युद्धनौकेने तिथूनच नेले, उरलेले मोल्डेमार्गे देशाबाहेर पोहोचले.