ताजी बिअर आणि तिची जागा : पुण्याच्या मायक्रोब्रुअरींची पार्श्वभूमी

२००९ मध्ये पुण्याच्या दक्षिणेला, एनआयबीएम रस्त्याच्या पुढे असलेल्या एका क्लबवजा हॉटेलाच्या आवारात महाराष्ट्रातील पहिली मायक्रोब्रुअरी, म्हणजे थोड्या प्रमाणात बिअर बनवून ती तिथेच पाजणारी जागा, सुरू झाली. त्याआधी राज्यात बिअर बनत नव्हती असे मुळीच नाही. आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींतून बाटल्यांनी भरलेले ट्रक कितीतरी वर्षे बाहेर पडत होते. परंतु बिअर जिथे बनते तिथे गिऱ्हाइकाने जावे, टाक्या पाहाव्यात, बनवणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत आणि तिथेच बसून एक ग्लास प्यावा, ही कल्पना ना कायद्याला ठाऊक होती ना व्यवसायाला. एखादी स्थानिक क्राफ्ट ब्रुअरी वाट वाकडी करून पाहण्याजोगी कशामुळे ठरते, हा प्रश्न आज सहज विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना चवीच्या आधी परवान्याच्या इतिहासाकडे वळावे लागते.

हा इतिहास तसा लांबचा आहे. ब्रिटिश छावण्यांची तहान भागवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात कसौलीसारख्या थंड हवेच्या ठिकाणी बिअरचे कारखाने निघाले आणि स्वातंत्र्यानंतरही बिअर ही कारखान्यात बनून बाटलीतून येणारी वस्तूच राहिली. महाराष्ट्रापुरता निर्णायक ठरला तो १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम. पुढे त्याची अंमलबजावणी सैल होत गेली आणि बऱ्याच वर्षांनी त्याच्या नावातील ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले, पण चौकट तीच राहिली : मद्य बनवणे, बाळगणे आणि पिणे हे मुळात निषिद्ध असून परवान्यापुरती त्यात सूट मिळते. ‘परमिट रूम’ हा अस्सल मराठी मुलखातला शब्द याच चौकटीने आपल्याला दिला. काळ्या काचा, जाड पडदा आणि बाहेरून आत काय चालले आहे याचा पत्ता लागू न देणारे दार हे त्या शब्दाचे दृश्य रूप होते. बिअरसाठी किमान वय २१ आणि कडक मद्यासाठी २५, हा भेददेखील याच व्यवस्थेत बसवलेला आहे.

या चौकटीचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. अमेरिकेत १९७८ मध्ये घरच्या घरी, स्वतःपुरती बिअर बनवण्यास केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली आणि तिथल्या छोट्या ब्रुअरींची पहिली पिढी बव्हंशी या हौशी मंडळींतून पुढे आली. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरात बिअर बनवणे हा गुन्हा असल्याने हौशी मंडळींची तशी फळी इथे उभी राहू शकली नाही. इथले ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारे कारागीर, परदेशात शिकून आले, मोठ्या कारखान्यांतून आले किंवा परदेशी तज्ज्ञांच्या हाताखाली तयार झाले, आणि बिअर कशी बनते हे डोळ्यांनी पाहण्याची सामान्य माणसाला मिळणारी जागा मायक्रोब्रुअरी हीच राहिली. माझ्या मते तिथे जाण्याचे पहिले आणि सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

पुण्याच्या आगेमागेच देशात इतरत्रही हालचाल झाली. गुरुग्राममध्ये त्याच्या थोडे आधी सुरुवात झाली होती आणि बेंगळुरूमध्ये थोडे नंतर. पुढे संख्येत बेंगळुरूने सर्वांना मागे टाकले. पुण्यात जे रुजले त्यामागे माहिती-तंत्रज्ञानात काम करणारा, परदेशात काही वर्षे राहून परतलेला आणि जर्मन गव्हाच्या बिअरची चव ओळखणारा वर्ग होता, तसेच मुंढवा, बाणेर, कोरेगाव पार्क अशा भागांत मोठी जागा घेऊन बसण्याची तेव्हा अजून शिल्लक असलेली शक्यताही होती. काचेच्या भिंतीआड चमकणाऱ्या स्टीलच्या टाक्या आणि समोर मोकळे, उजेडाचे बसण्याचे ठिकाण ही रचना परमिट रूमच्या नेमकी उलट होती. महिला आणि कुटुंबे संकोच न बाळगता येऊ लागली, हा बदल बिअरच्या चवीइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.

आता मुख्य गुंत्याकडे येऊ. उत्पादन शुल्काच्या जुन्या व्यवस्थेला बिअर बनवणारा आणि बिअर विकणारा हे दोन वेगळे पक्ष अपेक्षित होते. मायक्रोब्रुअरीत दोन्ही एकाच छपराखाली आले. एका वेळी साधारण ५०० ते १,००० लिटर बिअर तयार होते, ती टाकीतून थेट नळाला येते, तिच्यावर बाटलीचे लेबल नसते आणि खोकीही मोजता येत नाहीत. मग कर कशावर आणि कोणत्या टप्प्यावर घ्यायचा, हा प्रश्न उभा राहिला. सर्वांत सोपे उत्तर म्हणजे बिअर जिथे बनली तिथेच संपवण्याची अट. कर्नाटकाने हाच मार्ग धरला आणि तिथली मायक्रोब्रुअरी स्वतःच्या आवाराबाहेर बिअर पाठवू शकली नाही. महाराष्ट्रात मात्र केगमधून, म्हणजे स्टीलच्या बंद पिंपांतून, इतर परवानाधारक उपाहारगृहांना बिअर पुरवण्याची वाट खुली झाली. त्यामुळे २०१४ च्या सुमारास डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत बनलेली बिअर मुंबईच्या नळांवर दिसू लागली आणि पुण्यात बनलेलीही घाट उतरून खाली जाऊ लागली.

केगला मोकळीक देण्याचा हा निर्णय योग्य होता की नव्हता, यावर या व्यवसायात आजही दोन मते आहेत. बाजूने बोलणारे सांगतात की मुंबईच्या भाड्यात टाक्यांसाठी जागा अडवून ठेवणे छोट्या उद्योजकाला परवडत नाही, एकाच ठिकाणच्या विक्रीवर यंत्रसामग्रीचे कर्ज फिटत नाही आणि बाहेर पुरवठा असला तरच ब्रुअर नवा प्रयोग करण्याचे धाडस करतो. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. विरोधातला सरकारी आक्षेप हिशेबाचा होता, म्हणजे बाहेर गेलेल्या केगची मोजणी कोण ठेवणार हा. बिअरच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला आणखी एक मुद्दा या वादात जवळजवळ कुणीच मांडला नाही, याचे मला आजही वाईट वाटते. पाश्चरीकरण न केलेली, म्हणजे टिकण्यासाठी तापवून न घेतलेली बिअर ही नाशवंत वस्तू आहे. तिला सतत थंड ठेवावे लागते, केगपासून नळापर्यंतच्या नळ्या दर पंधरवड्याला धुवाव्या लागतात आणि उघडलेला केग काही दिवसांत संपवावा लागतो. ज्या ठिकाणी त्या बिअरला दिवसाला चारच गिऱ्हाइके आहेत, तिथे ती शिळी होणारच. नळ्या अस्वच्छ राहिल्या की बिअरला आंबूस किंवा खवट लोण्यासारखा वास येतो. असा ग्लास पहिल्यांदाच प्यायलेला माणूस ब्रुअरीला नावे ठेवतो, वाटेतल्या हाताळणीला नाही. म्हणून केगच्या मोकळिकीने ब्रुअर जगला हे मान्य करूनही माझे म्हणणे असे आहे की, त्या मोकळिकीबरोबर वाहतुकीचे तापमान आणि नळ्यांची स्वच्छता यांचे नियम यायला हवे होते. तसे न झाल्याने एकाच नावाची बिअर ब्रुअरीत एका चवीची आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्याच चवीची लागू शकते. मूळ जागी जाऊन पिण्याचे मोल केगमुळे कमी होईल असे वाटले होते. प्रत्यक्षात ते वाढले.

याच सुमारास शब्दांचाही घोळ झाला. ‘मायक्रोब्रुअरी’ या शब्दामागे परवाना आहे. ‘क्राफ्ट’ या शब्दामागे इथे तसे काही नाही, त्यामुळे तो कुणीही कशावरही छापू शकतो. २०१५ मध्ये दिल्लीहून बाजारात आलेली एक गव्हाची बिअर क्राफ्ट म्हणून गाजली, पण सुरुवातीला ती बेल्जियममध्ये बनून भारतात येत असे. अमेरिकेतही हा शब्द सोपा राहिलेला नाही : तिथल्या छोट्या ब्रुअरींच्या संघटनेने २०११ मध्ये ‘छोटी’ म्हणवून घेण्याची वार्षिक मर्यादा २० लाख बॅरलवरून ६० लाख बॅरलवर नेली, आणि ६० लाख बॅरल म्हणजे सुमारे ७० कोटी लिटर होतात. ‘ड्राफ्ट’, म्हणजे नळातून ओतलेली बिअर, हा दुसरा फसवा शब्द. नळातून येणारी प्रत्येक बिअर ताजी असतेच असे नाही. मोठ्या कारखान्यांची बिअरही केगमधून येते. तिसरा शब्द ‘ताजी’. गव्हाच्या जर्मन पद्धतीच्या बिअरला यीस्टमुळे येणारा केळ्याचा आणि लवंगेचा गंध, किंवा हॉप्स ही कडवट, सुवासिक फुले सढळ हाताने घातलेल्या ‘इंडिया पेल एल’ या प्रकारच्या बिअरचा सुगंध हा खरोखरच दिवसागणिक उतरत जातो. लागर या प्रकारच्या बिअरला मात्र चार ते सहा आठवडे थंडीत मुरू द्यावे लागते आणि जोरकस, गडद स्टाउट महिनोन्महिने मुरल्यावर अधिक चांगली लागते. तेव्हा चांगल्या ब्रुअरीत ‘सर्व काही ताजे’ असे न सांगता कोणती बिअर कधी बनली आणि कोणती अजून टाकीत आहे, हे सांगितले जाते.

जागेचे महत्त्व आणखी एका प्रसंगाने कठोरपणे दाखवून दिले. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई करणारा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६ चा आदेश १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक परवाने त्याच्या कक्षेत आले. रस्त्यावरील अपघात रोखण्याचा त्यामागचा हेतू निर्विवाद होता. परंतु शहरांच्या पोटातून जाणारे जुने राज्यमार्गही महामार्गच ठरल्याने पुण्यासारख्या ठिकाणी गोंधळ उडाला. दारूचे दुकान निदान दुसऱ्या गाळ्यात हलवता येते. जमिनीत पाया घालून बसवलेल्या टाक्या, बाष्पाची आणि थंड पाण्याची जोडणी आणि आत आंबत असलेला हजारो लिटर माल हलवता येत नाही. जळगाव, लातूर, यवतमाळ येथे शहरातील रस्त्यांचा दर्जा बदलून वाट काढली गेली आणि अखेर जुलै २०१७ मध्ये महापालिका व नगरपालिका हद्दीतील परवान्यांना हा आदेश आडवा येत नाही, असा खुलासा झाला.

२०२० च्या टाळेबंदीत हीच गोष्ट पुन्हा घडली, अधिक वेदनादायक रीतीने. मे महिन्यात दारूची दुकाने उघडली आणि बाटलीबंद बिअर विकली जाऊ लागली, परंतु मायक्रोब्रुअरीत बसून पिण्यास मनाई होती आणि बाटली तर त्यांच्याकडे नव्हतीच. आठवडेच्या आठवडे राबून बनवलेली बिअर अनेकांना गटारात सोडून द्यावी लागली. वर्षाच्या मध्यावर राज्याने ‘ग्राउलर’ म्हणजे झाकणबंद मोठ्या बाटलीत ताजी बिअर भरून नेण्यास परवानगी दिली. बसण्याची सोय ऑक्टोबरमध्ये सुरू होईपर्यंत अनेक ब्रुअरी या बाटलीने तगवल्या. घरी नेलेली ती बिअर दोन दिवसांत संपवावी हे गिऱ्हाइकाला समजावून सांगणे हे मात्र नवेच काम होऊन बसले.

पाण्याचा प्रश्नही याच इतिहासाचा भाग आहे. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाने मराठवाड्यातील मद्य आणि बिअर उद्योगांच्या पाण्यात निम्म्याहून अधिक कपात करण्याचा आदेश दिला होता. छोट्या ब्रुअरीला एकूण पाणी फार कमी लागते, पण दर लिटर बिअरमागे तिचा वापर मोठ्या कारखान्याहून सहसा जास्त असतो, कारण धुण्याचे आणि थंड करण्याचे पाणी वाचवणारी यंत्रणा तिच्याकडे क्वचितच असते. बिअर ‘स्थानिक’ आहे असे म्हणताना हेही ध्यानात घ्यावे की माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) आणि हॉप्स बहुतेक वेळा युरोप-अमेरिकेतून येतात. इथले असते ते मुख्यतः पाणी, हात आणि हंगाम. त्यातला हंगाम सर्वांत मोहक. मे महिन्यात हापूसचा रस घालून केलेली बिअर जून उलटला की उपलब्ध बिअरच्या यादीच्या फळ्यावरून पुसली जाते, आणि फळ्यावर अशी खाडाखोड होत असलेली ब्रुअरी मला नेहमी जास्त विश्वासाची वाटते.

बिअर बनवण्याचा दिवस ठरलेला असतो आणि तो विचारून घ्यावा. सकाळी दळलेला माल्ट साधारण ६५ अंशांच्या गरम पाण्यात भिजतो, तासाभराने त्यातील गोड रस गाळून उकळायला जातो आणि दुपारपर्यंत हॉप्सचा कडवट, हिरवा वास सगळ्या जागेत पसरतो. हजार लिटरमागे सुमारे २०० किलो माल्ट लागतो. त्याचा ओला चोथा पोत्यांत भरून जवळपासच्या गोठ्यांकडे रवाना होतो. संध्याकाळी गिऱ्हाइकांची गर्दी होते तेव्हा टाक्या धुऊन झालेल्या असतात आणि ब्रुअर बहुधा घरी गेलेला असतो. त्याच्याशी बोलायचे असेल तर दुपारी बाराच्या आसपास जावे.