एल दिआ दे ला बेस्तिआ

एल दिआ दे ला बेस्तिआ : (श्वापदाचा दिवस). स्पॅनिश भय-विनोदी चित्रपट (१९९५). दिग्दर्शक आलेक्स दे ला इग्लेसिआ (जन्म १९६५, बिल्बाओ). पटकथा त्यांची आणि होर्खे गेर्रिकाएचेवर्रिआ यांची. स्पेन-इटली सहनिर्मिती असल्याने काही प्रमुख कलाकार आणि संगीतकार इटालियन आहेत. गोया पुरस्कारांसाठी (स्पेनचे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार) १४ नामांकने मिळाली; दिग्दर्शनासह सहा पुरस्कार पदरात पडले.

कथानक : आंखेल बेर्रिआर्तुआ हे बास्क धर्मगुरू (आलेक्स आंगुलो) धर्मशास्त्राचे प्राध्यापक आहेत. वर्षानुवर्षे ‘प्रकटीकरण’ हे बायबलचे शेवटचे पुस्तक उलगडत बसल्यावर त्यांना उत्तर सापडते : ख्रिस्तविरोधक (जगाच्या अंतापूर्वी येणारा ख्रिस्ताचा शत्रू) नाताळच्या पहाटे माद्रिदमध्ये जन्मणार. जागा मात्र कळत नाही. ती सैतानालाच ठाऊक. सैतानाची ओळख व्हायची तर पाप करायला हवे. म्हणून हे पापभीरू गृहस्थ पाप करायला शहरात उतरतात. रस्त्यात मरणासन्न पडलेल्या माणसावर अंत्यविधीसाठी वाकावे तसे वाकतात, ‘नरकात सड’ असे पुटपुटतात आणि त्याचे पाकीट उचलतात. मूकनाट्य करणाऱ्या कलाकाराला जिन्यावरून ढकलून देतात. पुढे हेवी मेटल या कर्कश रॉक संगीताच्या नादात बुडालेला रेकॉर्ड दुकानातला खोसे मारिआ (सान्तिआगो सेगुरा) आणि दूरचित्रवाणीवरील गूढविद्येचा भोंदू प्राध्यापक कावान (आर्मांदो दे रात्सा) त्यांना येऊन मिळतात. तू सैतानभक्त आहेस का, असे विचारल्यावर खोसे मारिआ म्हणतो, ‘होय महाराज, आणि काराबांचेलचा.’ माद्रिदच्या दक्षिणेकडील या कष्टकरी वस्तीचा अभिमान त्या उत्तरात असा आहे की स्पेनमध्ये ते वाक्य आजही उद्धृत होते.

श्वापदाची संख्या : शीर्षकातील ‘बेस्तिआ’ म्हणजे मराठी बायबलमधील ‘श्वापद’ (प्रकटीकरण १३:१८), ज्याची संख्या ६६६ सांगितली आहे. ग्रंथाचा काळ बहुतेक अभ्यासक इ. स. ९५ च्या सुमारास, रोमन सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीत धरतात. काही जण तो ७० च्या आधी नेतात. संख्येच्या अर्थाबाबतही मतभेद आहेत. ‘नेरोन केसर’ (रोमन सम्राट नीरो) हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून प्रत्येक अक्षराचे मूल्य घेतले तर ५० + २०० + ६ + ५० आणि १०० + ६० + २०० अशी बेरीज नेमकी ६६६ येते. काही प्राचीन हस्तलिखितांत ६१६ असा पाठ आहे. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती बिशप इरिनेअस यांना तो माहीत होता. त्यांनी तो अमान्य केला. परंतु लॅटिन वळणाने ‘नेरो’ लिहून शेवटचे नून हे हिब्रू अक्षर (५०) गाळले की ६१६ च उरतात. एकाच नावाने दोन्ही पाठ उलगडत असल्याने नीरोपर अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. चित्रपटातील धर्मगुरू अर्थातच भूतकाळाकडे बोट दाखवणारा हा अर्थ घेत नाहीत. अक्षरांना अंक मानण्याची पद्धत तीच ठेवून ते भविष्यातील तारीख काढतात. संकेतलेखनाचे आद्य अभ्यासक जर्मन मठाधिपती त्रिथेमिउस यांचा आधार त्यांनी घेतला आहे. त्रिथेमिउस यांचा ‘स्टेगॅनोग्राफिआ’ हा ग्रंथ सुमारे १४९९ चा, छापला गेला १६०६ मध्ये. त्याचा तिसरा खंड दीर्घकाळ भूतविद्येचा मानला गेला. १९९० च्या दशकात मात्र तेथेही सांकेतिक लिपीच निघाली.

परंपरा : चित्रपटाचे मूळ अमेरिकी भयपट आणि कॉमिक्समध्ये शोधण्याचा प्रघात आहे. दिग्दर्शक मुळात कॉमिक्स काढणारे असल्याने त्यात तथ्य आहेच. दुसरे मत त्याला ‘एस्पेर्पेन्तो’शी जोडते : स्पॅनिश नाटककार वाये-इन्क्लान यांनी १९२० च्या ‘लुसेस दे बोहेमिआ’ नाटकात मांडलेली, वाकड्या आरशात दिसावे तसे वास्तव दाखवणारी रीत. पोथ्या वाचून घराबाहेर पडलेला धर्मगुरू आणि त्याचा गुबगुबीत सोबती पाहून सर्व्हांतेसच्या कादंबरीतील डॉन किखोते आणि त्याचा सेवक सान्चो आठवतात, हेही अनेकदा म्हटले गेले आहे. मागच्या दोन पायांवर उभा राहणारा काळा बोकड तर थेट चित्रकार गोयाच्या चेटकिणींच्या चित्रातून (१७९७-९८) आल्यासारखा दिसतो. ही देशी मुळे अधिक खोल वाटतात.

आकर्षण : हे धर्मगुरू एकदाही विनोद करत नाहीत. आंगुलो यांनी त्यांना नीटनेटके, घाईत असलेले, थोडेसे शरमलेले ठेवले आहे. चोरी करतानाही त्यांच्या चेहऱ्यावर कर्तव्य असते. प्रेक्षक हसतो तो या निष्ठेमुळे, आणि त्याच निष्ठेमुळे घाबरतोही. माद्रिदच्या ग्रान व्हिआ या हमरस्त्यावरील कापितोल इमारतीच्या श्वेप्स या पेयाच्या निऑन फलकाला तिघे लोंबकळतात तो प्रसंग याचा उत्तम नमुना : खाली नाताळची गर्दी, वर जिवाची भीती, आणि दोन्ही खरे.

दुसरे आकर्षण खुद्द माद्रिद. सैतानाची खूण म्हणून दाखवलेले प्लासा दे कास्तिया येथील जुळे मनोरे १५ अंशांनी एकमेकांकडे झुकलेले आहेत. कुवेती गुंतवणूक कार्यालयाच्या नावावरून लोक त्यांना ‘किओ’ म्हणत. आर्थिक घोटाळ्यात अडकलेले हे काम १९९६ मध्ये पुरे झाले. त्यांच्या पायथ्याशी कथेचा शेवट जुळतो. ‘माद्रिद स्वच्छ करा’ असे भिंतींवर लिहीत बेघरांना आणि परकीयांना मारणारी टोळी चित्रपटभर पार्श्वभूमीला फिरत असते. नोव्हेंबर १९९२ मध्ये शहराच्या अरावाका भागात एका डोमिनिकन स्थलांतरित स्त्रीचा वर्णद्वेषातून खून झाला होता. तत्कालीन प्रेक्षकाला ही टोळी काल्पनिक वाटली नसावी. शिंगे असलेल्या सैतानाचा शोध चालू असताना खरे श्वापद भिंतीवर सही करत होते.

अखेरीस आंखेल आणि कावान रेतीरो उद्यानात भिकाऱ्यांच्या वेशात बसलेले दिसतात. याच उद्यानात १८८५ पासून शिल्पकार रिकार्दो बेय्वेर यांचा ‘पतित देवदूत’, म्हणजे सैतानाचा पुतळा, उभा आहे. जग वाचले हे दोघांनाच ठाऊक आहे. सांगितले तरी कोणी विश्वास ठेवणार नाही.