नॉर्थ कॅरोलायनात मेडिकेशन एड म्हणून इन्सुलिन द्यायचं असेल तर: पात्रता, प्रशिक्षण, परीक्षा आणि कागदपत्रं

रॅले, केरी, मॉरिसव्हिल या पट्ट्यातल्या मराठी घरांत हा विषय दोन बाजूंनी निघतो. कुणी भारतात नर्सिंग किंवा फार्मसी शिकून आलेलं असतं आणि इथल्या असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे वृद्धांची देखभाल करणाऱ्या निवासात, काम मिळेल का, हे विचारतं. कुणाच्या वडिलांना तिथे ठेवायची वेळ आलेली असते. त्यांना रोज इन्सुलिन लागतं, आणि ते देणारी व्यक्ती नर्स नसते हे ऐकून पोटात गोळा येतो. दोघांच्या प्रश्नाचं उत्तर एकाच नियमावलीत आहे, म्हणून एकत्रच लिहितो.

मेडिकेशन एड म्हणजे परवानाधारक नर्स नसलेली, पण प्रशिक्षण आणि परीक्षा पार करून रहिवाशांना औषधं देणारी व्यक्ती. अमेरिकेत हे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. इथे लिहिलंय ते फक्त नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲडल्ट केअर होम आणि फॅमिली केअर होमपुरतं. दोन ते सहा रहिवासी असलेलं घर फॅमिली केअर होम, आणि सात किंवा त्याहून जास्त असतील तर ॲडल्ट केअर होम. नर्सिंग होमचा रस्ता निराळा आहे. तिथे आधी नर्स एड (नर्सच्या हाताखालचा प्रशिक्षित मदतनीस) असावं लागतं, बोर्ड ऑफ नर्सिंगने मान्य केलेला २४ तासांचा कोर्स करावा लागतो आणि मेडिकेशन एड रजिस्ट्रीत नाव यावं लागतं. नोकरीच्या जाहिरातीत दोन्हीकडे 'मेडिकेशन एड' एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून कोर्सची फी भरण्याआधी जागा कुठल्या प्रकारची आहे ते विचारून घ्या.

आधी कामाचा हक्क

भारतातली बीएस्सी नर्सिंगची पदवी किंवा जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा कितीही भक्कम असला, तरी इथला परवाना मिळेपर्यंत नियमाच्या नजरेत तुम्ही परवाना नसलेले कर्मचारीच असता. प्रशिक्षण आणि परीक्षा चुकत नाहीत. व्हिसाचंही आधी बघा. एच-४ वर (एच-१बी धारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असाल तर वर्क परमिट हातात आल्याशिवाय काम करता येत नाही. ते सगळ्या एच-४ धारकांना मिळतंच असंही नाही.

नोकरी देणारी संस्था काही तपासण्या करते. हेल्थ केअर पर्सोनेल रजिस्ट्रीवर, म्हणजे आरोग्यसेवा कर्मचाऱ्यांच्या राज्याच्या नोंदवहीत, तुमच्या नावावर सिद्ध झालेली तक्रार नसावी लागते. अमली पदार्थांची चाचणी होते. गुन्हेगारी पार्श्वभूमीही तपासतात. या राज्यात राहून पाच वर्षं झाली नसतील तर ही तपासणी देशपातळीवर, बोटांचे ठसे घेऊन होते, त्यामुळे नव्याने आलेल्यांनी त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा.

क्षयरोगाच्या चाचणीपाशी आपली माणसं हमखास अडकतात. लहानपणी बीसीजी ही क्षयरोगाची लस टोचलेली असल्यामुळे हातावरची त्वचा-चाचणी पॉझिटिव्ह दिसू शकते, आणि मग छातीचा एक्स-रे, पुढची चौकशी, पंधरवड्याची धाकधूक. रक्तावर होणाऱ्या टीबी चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. ती चालेल का, हे सुरुवातीलाच विचारा.

पाच तास, दहा तास आणि साठ दिवस

राज्याच्या कायद्यानुसार औषध देण्याचं काम एकट्याने सुरू करण्याआधी दोन गोष्टी पूर्ण हव्यात. पहिली म्हणजे राज्याने तयार केलेलं पाच तासांचं प्रशिक्षण. त्यात औषध देण्याची मूलतत्त्वं, संसर्ग रोखण्याचे नियम आणि सुरक्षित इंजेक्शन हे विषय असतात. दुसरी म्हणजे प्रत्यक्ष कौशल्याची तपासणी. ती रजिस्टर्ड नर्स किंवा फार्मासिस्ट समोर उभं राहून घेतात आणि ठरलेल्या यादीवर सही करतात. त्यानंतर नोकरीच्या तारखेपासून ६० दिवसांच्या आत आणखी दहा तासांचं प्रशिक्षण आणि राज्याची लेखी परीक्षा. पाच आणि दहा वेगवेगळे करण्याऐवजी पंधरा तासांचा सलग कोर्सही करता येतो. मला तोच बरा वाटतो. नोकरीचा पहिला महिना आधीच दमवणारा असतो, त्यात परीक्षेची टांगती तलवार कशाला?

लेखी परीक्षेत किमान ९० टक्के लागतात. आपल्याकडच्या पस्तीस टक्क्यांच्या हिशेबाने बघाल तर हा आकडा कडक वाटेल. पण दहातला एक डोस चुकला तर चालेल का, असं स्वतःला विचारलं की नव्वदसुद्धा कमीच वाटतात. परीक्षा राज्याचा आरोग्यसेवा नियमन विभाग घेतो आणि निकाल त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही मोफत पाहता येतो. नोंदणी करताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच्या तसं लिहा. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, लायसन्सवर नसतं, आणि घोटाळा तिथेच होतो.

गेल्या २४ महिन्यांत राज्यातल्या ॲडल्ट केअर होममध्ये मेडिकेशन एड म्हणून काम केलं असेल, तर हे प्रशिक्षण पुन्हा करावं लागत नाही. जुन्या मालकाकडून तसा लेखी दाखला मात्र हवा. नोकरी सोडताना तो लगेच मागून घ्या, नंतर फोन उचलायला कुणी नसतं.

इन्सुलिनची पायरी वेगळी

परीक्षा पास झाली म्हणजे इन्सुलिन द्यायला मोकळे झालो, असं नवीन लोक धरून चालतात. तसं नाही. परवाना नसलेल्या कर्मचाऱ्याने इन्सुलिन देण्याआधी मधुमेही रहिवाशांच्या काळजीचं प्रशिक्षण घेतलेलंच असलं पाहिजे, असा स्वतंत्र नियम आहे. ते शिकवणारी व्यक्ती रजिस्टर्ड नर्स, फार्मासिस्ट किंवा औषध लिहून देण्याचा अधिकार असलेली असावी लागते. मधुमेहाची प्राथमिक माहिती, इन्सुलिन कसं काम करतं, ते कसं साठवायचं, मिसळायचं, मोजायचं आणि टोचायचं, साखर फार उतरली किंवा चढली तर काय, बोट टोचून तपासणी, संसर्गाची खबरदारी, डोसच्या वेळा आणि स्लाइडिंग स्केल (साखरेच्या आकड्यानुसार डोस सांगणारा तक्ता), एवढं त्यात यावंच लागतं. शिवाय त्वचेखालचं इंजेक्शन आणि बोटातून रक्त घेणं या दोन्ही कामांत तुमचा हात बसलाय, हे परवानाधारक व्यक्तीने पाहून लिहून द्यावं लागतं. त्वचेखालच्या इंजेक्शनपर्यंतच मेडिकेशन एडची हद्द. स्नायूत किंवा शिरेत द्यायचं काही असेल तर नर्सलाच बोलवायचं.

ही सही झालेली नसताना "आज माणूस कमी आहे, तेवढं इन्सुलिन देऊन टाक" असं कुणी म्हटलं, तर नाही म्हणा. नियम तुमच्या बाजूने आहे.

संसर्गावर एवढा भर का, याला कारण आहे. २०१० साली याच राज्यातल्या एका असिस्टेड लिव्हिंगमध्ये आठ रहिवाशांना हिपॅटायटिस बी झाला आणि त्यातले सहा जण दगावले. आठही जणांची साखर कर्मचारी तपासत होते. ज्यांची तपासणी होत नव्हती त्यांच्यातल्या कुणालाच लागण झाली नाही. बोट टोचायचं पेनसारखं उपकरण एकाचं दुसऱ्याला वापरलं जात होतं आणि ग्लुकोमीटर मधल्या मधे निर्जंतुक होत नव्हता. डोळ्यांना दिसतही नाही एवढं रक्त त्याला पुरतं. पुढच्याच वर्षी राज्याने कायदा कडक केला. आज मेडिकेशन एडला संसर्ग, सुरक्षित इंजेक्शन आणि साखर-तपासणीचं प्रशिक्षण दरवर्षी करावं लागतं, आणि औषधांविषयीचं वर्षाला सहा तासांचं शिक्षण असतंच. इन्सुलिनच्या पेनचंही तेच. सुई बदलली तरी एकाचं पेन दुसऱ्याला वापरायचं नाही. रक्त पेनमधल्या इन्सुलिनच्या काडतुसात मागे शिरू शकतं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'फक्त एकाच रुग्णासाठी' ही सूचना पेनांवर सक्तीची केली.

कौशल्य तपासणीत काय बघतात

एनपीएच आणि रेग्युलर ही दोन प्रकारची इन्सुलिनं एकाच सिरिंजमध्ये भरायला सांगितलं की हात थरथरतात, म्हणून ते नीट समजून घ्या. रेग्युलर पाण्यासारखं नितळ असतं, एनपीएच दुधाळ. एनपीएचची बाटली तळहातांत हलकेच फिरवायची, खळखळ हलवायची नाही. दोन्ही बाटल्यांची रबरं पुसायची. एनपीएचच्या डोसइतकी हवा आधी एनपीएचच्या बाटलीत सोडायची, सुई औषधाला टेकू न देता, आणि सुई रिकामी बाहेर काढायची. मग रेग्युलरच्या बाटलीत हवा सोडून रेग्युलर ओढायचं, बुडबुडे काढून आकडा डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचा. शेवटी एनपीएच. या वेळी दट्ट्या अगदी बेताने ओढायचा, कारण जास्त आलं तर परत ढकलता येत नाही, सिरिंज टाकून पुन्हा पहिल्यापासून भरावं लागतं. आधी नितळ, मग दुधाळ. क्रम उलटला आणि एनपीएचचा थेंब रेग्युलरच्या बाटलीत गेला, तर त्या बाटलीतून पुढे निघणाऱ्या प्रत्येक डोसचा भरवसा जातो. ग्लार्जिन नितळ असलं तरी ते दुसऱ्या कुठल्याही इन्सुलिनमध्ये मिसळायचं नाही.

पेन असेल तर नवी सुई लावून दोन युनिट हवेत सोडून बघायची, टोकावर थेंब दिसला की मगच डोस लावायचा. टोचल्यावर बटण दाबलेलं ठेवून दहापर्यंत मोजायचं. सुईला टोपण परत घालायचं नाही, ती थेट शार्प्सच्या, म्हणजे वापरलेल्या सुयांच्या, डब्यात टाकायची. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचं. एकदा गोठलं की वितळलं तरी वापरायचं नाही. बहुतेक बाटल्या उघडल्यावर २८ दिवस चालतात, पण काहींची मुदत वेगळी असते, म्हणून लेबल वाचा आणि उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा.

आता वेळेचा मुद्दा. नियमाने औषध ठरलेल्या वेळेच्या एक तास आधी किंवा नंतर देता येतं. रक्तदाबाच्या गोळीला ते ठीक आहे. पण लिस्प्रो, ॲस्पार्टसारखं झटपट काम करणारं इन्सुलिन साधारण पंधरा मिनिटांत कामाला लागतं. साडेसातला टोचलं आणि नाश्ता सव्वाआठला आला, तर कागदावर सगळं बरोबर असूनही म्हातारा माणूस घामाघूम होऊन खुर्चीत कलंडतो. ताट समोर येतंय ना, ते बघूनच टोचा.

आता स्लाइडिंग स्केलचा तक्ता. तो डॉक्टर लिहितात, तुम्ही फक्त वाचता. समजा तक्त्यात २०१ ते २५० ला चार युनिट लिहिलंय, मीटरवर २०८ आलंय, पण आजी म्हणतात "आज जेवायचंच नाही." इथे स्वतःच्या अंदाजाने चारचे दोन करायचे नाहीत आणि डोळे मिटून चारही टोचायचे नाहीत. नर्सला किंवा डॉक्टरांना फोन लावायचा, ते सांगतील तसं करायचं आणि नोंद ठेवायची. डोस ठरवण्याचा अधिकार मेडिकेशन एडला नाही, आणि त्यातच रहिवाशाचं व तुमचंही संरक्षण आहे.

साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी साखर वर आणायची. माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे अर्धा कप फळांचा रस किंवा तीन-चार ग्लुकोज गोळ्या, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ९११ ला फोन करायचा. वृद्धांमध्ये साखर उतरल्याची खूण पुष्कळदा नुसता गोंधळ किंवा चिडचिड एवढीच असते. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाच्या बाबतीत ती 'नेहमीचंच' म्हणून सोडून दिली जाते. वागण्यात फरक दिसला की आधी बोट टोचा.

फाइलमध्ये काय काय असावं

स्वतःच्या कागदांची एक प्रत घरी ठेवा: पाच, दहा किंवा पंधरा तासांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, सही झालेली कौशल्य-तपासणीची यादी, परीक्षेचा निकाल, मधुमेह-प्रशिक्षणाची तारखेसह नोंद, इंजेक्शन आणि बोट टोचण्याच्या कामाची मान्यता, दरवर्षीच्या प्रशिक्षणाचे दाखले, टीबी चाचणी, ओळखपत्र आणि कामाच्या परवानगीचा कागद. राज्याचे तपासनीस येतात तेव्हा संस्थेकडे हे सगळं असावंच लागतं. पण नोकरी बदलली की तुमच्या प्रती तुमच्याच कामाला येतात.

आईवडिलांना तिथे ठेवणाऱ्यांसाठी: प्रवेशाच्या वेळी डॉक्टर एफएल-२ हा फॉर्म भरतात. त्यात इन्सुलिनचं नाव, युनिट आणि वेळ स्पष्ट लिहून घ्या. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायला सांगा, कारण त्याऐवजी नुसतं इंग्रजी यू अक्षर घातलं की ते घाईत शून्यासारखं वाचलं जातं आणि चारचे चाळीस होतात. भारतातून आणलेल्या बाटल्या परस्पर देऊ नका. तिथे बऱ्याच बाटल्या मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, इथल्या सिरिंज १०० युनिटच्या हिशेबाच्या. इन्सुलिन देणाऱ्यांनी मधुमेहाचं प्रशिक्षण घेतलंय का, हे थेट विचारा. बाबांचा ग्लुकोमीटर आणि बोट टोचायचं उपकरण त्यांच्या नावाचं, वेगळं ठेवलेलं आहे का, हेही बघा. परवानाधारक नर्स निदान तीन महिन्यांतून एकदा त्यांना तपासून आढावा घेते, तो कधी झाला ते विचारा. आणि बाबा स्वतःचं इन्सुलिन स्वतः नीट घेऊ शकत असतील, तर डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरने त्यांना तशी मुभा मिळते.